चुंबकाच्या ताकदीआधी पोटाची भिंत मोजा

नागपुरात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या काही विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी तीन प्रश्न विचारले आहेत. पोटाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत चुंबकाच्या जोरावर चालणारी छोटी रोबोटिक उपकरणे खरोखर उपयोगी आहेत का? त्यांची मोटर पोटाच्या आत ठेवावी की बाहेर? आणि आपल्याकडच्या रुग्णांचा विचार केला तर सुरुवात कशापासून करावी? मी पोटाचा सर्जन आहे. पित्ताशय, हर्निया, आतडे ही माझी रोजची कामे. त्यामुळे हे उत्तर सर्जनच्या बाजूचे आहे, पण तुम्हाला लागणारे आकडेही देतो.

आधी थोडक्यात सांगतो. उपयोगी आहेत, पण मोजक्या कामांसाठी आणि मोजक्या रुग्णांमध्ये. सुरुवात कॅमेरा धरणाऱ्या किंवा अवयव बाजूला ओढून ठेवणाऱ्या उपकरणापासून करा. कापणाऱ्या, शिवणाऱ्या हातापासून नको. मोटर बाहेर ठेवता आली तर बाहेरच ठेवा. आणि चुंबक विकत घेण्याआधी पोटाची भिंत किती जाड असते ते समजून घ्या, कारण या यंत्रात पोटाची भिंत हा एक सुटा भागच आहे आणि तो तुम्हाला हवा तसा बनवून मिळत नाही.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आपण पोटात कार्बन डायऑक्साइड भरतो, दाब साधारण १२ ते १५ मिमी पाऱ्याइतका ठेवतो आणि ट्रोकारच्या नळ्यांतून हत्यारे आत घालतो. पित्ताशयासाठी बहुतेक जण चार छिद्रे करतात, दोन मोठी आणि दोन ५ मिमीची. प्रत्येक हत्यार त्या छिद्राशी बांधलेले असते. ते वर-खाली, डावी-उजवीकडे फिरते, आत-बाहेर सरकते, स्वतःभोवती वळते. पण छिद्र सोडून दुसरीकडे जाऊ शकत नाही. जागा चुकली तर नवे छिद्र करावे लागते. जर्मनीत एरिक म्युहे यांनी १९८५ मध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढले. आपल्याकडे तेहम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ही शस्त्रक्रिया सुरू केली. तेव्हापासून कॅमेरे बदलले, ऊर्जेची उपकरणे बदलली, २००० मध्ये अमेरिकेत दा विंची या शस्त्रक्रियेच्या रोबोटला मान्यता मिळाली, पण छिद्राची ही अट तशीच राहिली. रोबोटचे हातसुद्धा ट्रोकारमधूनच जातात.

चुंबक ही अट सोडवतो. उपकरण एकदाच नाभीच्या छिद्रातून आत घालायचे, पोटाच्या भिंतीला आतून टेकवायचे आणि बाहेरच्या चुंबकाने धरून ठेवायचे. छिद्र मोकळे राहते. बाहेरचा चुंबक सरकवला की आतले उपकरण सरकते. नाभीतल्या एकाच छिद्रातून सगळी शस्त्रक्रिया करताना हत्यारांचे दांडे एकमेकांवर आपटतात आणि दोन हातांमध्ये कोन मिळत नाही. ज्याने असे काम केले आहे त्याला चुंबकाचे आकर्षण लगेच कळते.

ही कल्पना कागदावरची राहिलेली नाही. डॅलसच्या साउथवेस्टर्न वैद्यकीय केंद्रात जेफ्री कॅडेडू यांच्या गटाने चुंबकाने धरलेला कॅमेरा आणि रिट्रॅक्टर, म्हणजे अवयव बाजूला ओढून धरणारे उपकरण, डुकरांवर वापरून २००७ मध्ये ते काम प्रसिद्ध केले, आणि पुढे तसा कॅमेरा माणसांवरही वापरला. अर्जेंटिनात गियेर्मो डोमिंगेस यांनी नियोडिमियम धातूपासून केलेले ताकदवान चुंबक लावलेले चिमटे वापरून एका छिद्रातून पित्ताशय काढले. चिलीचे सर्जन आल्बेर्तो रोद्रिगेस-नावारो यांनी काढलेल्या लेविटा कंपनीच्या प्रणालीला एफडीए या अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक संस्थेने २०१६ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता दिली. त्यात पित्ताशयाला लावलेला चिमटा दांड्यापासून सुटतो आणि बाहेरचा चुंबक त्याला ओढून धरतो. २०२३ मध्ये त्याच कंपनीच्या रोबोटिक हातांना मान्यता मिळाली. हे हात बाहेरचा चुंबक आणि कॅमेरा धरतात. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात पिएत्रो वाल्दास्त्री यांचा गट एक पाऊल पुढे आहे. बाहेर चुंबक फिरवून आतल्या उपकरणाचे सांधे हलवायचे, म्हणजे धरणे आणि चालवणे दोन्ही चुंबकानेच, असे त्यांचे काम आहे.

यातली एक गोष्ट तुम्ही नीट पाहावी. २०१६ ची ती पहिली मान्यता बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन) २० ते ३४ असलेल्या रुग्णांपुरती होती. दोन्ही टोकांना मर्यादा का घातली असावी? तुमच्या प्रकल्पाचे सगळे गणित या प्रश्नात आहे, म्हणून इथे थोडा वेळ घालवतो.

दोन चुंबक एका अक्षावर समोरासमोर असले आणि त्यांच्यातले अंतर त्यांच्या आकाराच्या मानाने मोठे असले, तर ओढ अंतराच्या चौथ्या घाताने कमी होते. अंतर दुप्पट झाले की ओढ सोळाव्या हिश्श्यावर येते. चुंबक अगदी जवळ असताना हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, तेव्हा घट थोडी सौम्य असते. पण पहिला अंदाज बांधायला पुरते. एक उदाहरण करून पाहा. आतला चुंबक १० मिमी व्यासाचा, २० मिमी लांबीचा घ्या. १२ मिमीच्या ट्रोकारमधून कवचासकट याहून जाड काही जाणार नाही. तो भिंतीला आडवा टेकलेला आहे आणि त्याचे चुंबकन व्यासाच्या दिशेने, म्हणजे खालून वर आहे. बाहेरचा चुंबक ५० मिमी व्यासाचा आणि ५० मिमी उंचीचा. त्याचे वजन पाऊण किलोच्या आसपास भरते. दोन्ही नियोडिमियमचे, १.३ टेस्ला दर्जाचे. आता भिंत २ सेंमी असेल तर दोन केंद्रांमधले अंतर ५ सेंमी होते आणि ओढ सुमारे १६ न्यूटन येते. भिंत ४ सेंमी झाली की ४ न्यूटन. भिंत ६ सेंमी झाली की जेमतेम दीड न्यूटन.

हे तीन आकडे म्हणजे तीन रुग्ण. पहिला गडचिरोलीहून आलेला सडपातळ तरुण, दुसरी चाळिशीतली मध्यम बांध्याची गृहिणी, तिसरा पोट सुटलेला दुकानदार. चुंबक तोच, सर्जन तोच, आणि जोरात दहा पटींचा फरक.

दीड न्यूटनमध्ये काय होते? आतल्या उपकरणाचे वजन ४० ग्रॅम धरले तर त्याला ०.४ न्यूटन लागतो. म्हणजे उपकरण टांगलेले राहील. कॅमेरा असेल तर कामही करील. पण पित्ताशय ओढायला, आतडे उचलायला टोकाशी काही न्यूटन जोर लागतो. संशोधकांच्या आराखड्यांत ५ न्यूटन हा आकडा बऱ्याचदा धरलेला असतो. तो जोर खालच्या दिशेने लागला तर साधी वजाबाकी आहे. आडवा लागला तर प्रकरण अधिक अवघड होते, आणि विद्यार्थ्यांच्या आराखड्यांत हेच बहुधा सुटून जाते. समजा उपकरणाचा हात भिंतीपासून ६ सेंमी खाली लोंबतो आहे आणि टोकाशी ५ न्यूटनचा आडवा ताण आला. वर ०.३ न्यूटन-मीटरचा मोमेंट, म्हणजे उलटवू पाहणारा जोर, तयार होतो. उपकरण ६ सेंमी अंतरावरच्या दोन चुंबकांनी धरलेले असेल, तर त्यातल्या एकावर ५ न्यूटनची जादा ओढ खाली येते. २ सेंमीच्या भिंतीत ते टिकेल. ४ सेंमीच्या भिंतीत एक टोक सुटेल, उपकरण लोंबकळेल आणि खाली आतड्यावर पडेल. म्हणून धरणाऱ्या चुंबकांमधले अंतर आणि हाताची लांबी यांचे गुणोत्तर आधी ठरवा, मग बाकीचे सांधे काढा.

आता उलट टोक, पातळ पोट. तिथे १६ न्यूटन मिळाले म्हणून आनंद मानू नका. तो जोर पोटाच्या आतल्या अस्तरावर, १० गुणिले २० मिमी, म्हणजे जेमतेम दोन चौरस सेंटिमीटरवर पडतो. दाब काढा. ८० किलोपास्कल, म्हणजे ६०० मिमी पारा. केशवाहिन्यांमधला रक्ताचा दाब ३० मिमी पाऱ्याच्या आसपास असतो. त्या जागेचा रक्तपुरवठा पूर्ण थांबतो. दहा मिनिटे हे चालून जाईल. दीड तासाच्या शस्त्रक्रियेत मी ते चालू देणार नाही. ४ न्यूटनला सुद्धा दाब १५० मिमी पारा येतो. दाब ३० वर आणायचा तर १६ न्यूटनसाठी ४० चौरस सेंटिमीटरची बैठक लागेल, आणि ती ट्रोकारमधून जाणार नाही. आत गेल्यावर उघडणारी बैठक बनवता आली तर ते खरे योगदान ठरेल. ते जमेपर्यंत सोपा मार्ग असा, की बाहेरचा चुंबक कातडीवर न ठेवता यांत्रिक हाताने वर धरायचा आणि त्या हाताला लोड सेल, म्हणजे जोर मोजणारा सेन्सर, लावायचा. भिंत २ सेंमीची असेल तर चुंबक २ सेंमी वर उचलला की ओढ आपोआप ४ न्यूटनवर येते. आणखी एक फायदा म्हणजे दोन चुंबकांच्या मध्ये भिंत चिमटली जात नाही, ती नुसती वर उचलली जाते. त्याच ओढीला आतल्या अस्तरावरचा दाब तेवढाच राहतो, पण कातडीची बाजू सुटते. ऑपरेशन चालू असताना दर काही मिनिटांनी चुंबक थोडा सरकवण्याची सोय ठेवा.

सडपातळ रुग्णांचा मुद्दा मी विदर्भासाठी मुद्दाम लावून धरतो आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागांतून नागपूरला येणाऱ्या तरुण रुग्णांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेले अनेक असतात. त्यांच्या लाल पेशी सतत फुटत राहतात, त्यातून बनणारे बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य वाढते आणि पंधरा-वीस वर्षांच्या वयात पित्ताशयात रंगद्रव्याचे खडे होतात. ज्या वयात इतरांना पित्ताशय कुठे असते हेही माहीत नसते, त्या वयात ही मुले शस्त्रक्रियेला येतात. बहुतेकांची पोटाची भिंत पातळ असते, म्हणजे चुंबकाच्या दृष्टीने हे आदर्श रुग्ण वाटतात. पण ऑक्सिजन कमी पडला, रक्तातले आम्ल वाढले, अंग गार पडले, पाणी कमी झाले की त्यांच्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. भूलतज्ज्ञ यासाठीच त्यांना गरम ठेवतात, सलाइन आधीपासून सुरू करतात. अशा रुग्णाच्या पोटाच्या भिंतीचा एक ठिपका तासभर दाबून रक्तहीन ठेवणे मला पटत नाही. तुमचे उपकरण विदर्भात वापरायचे असेल तर दाबाची मर्यादा या रुग्णांना धरून ठरवा. परदेशी आराखड्यांत हा रुग्ण नजरेसमोर नसतो.

भिंत किती जाड आहे हे कळायला वेगळा खर्च करावा लागत नाही. पित्ताशयाच्या प्रत्येक रुग्णाची सोनोग्राफी होतेच. सोनोलॉजिस्टना विनंती करायची, की उजव्या बरगडीखाली आणि नाभीच्या वर भिंतीची जाडी लिहा. प्रोब हलका ठेवायला सांगा, नाहीतर चरबी दबते आणि आकडा कमी येतो. बॉडी मास इंडेक्सवर विसंबू नका. सारख्या इंडेक्सच्या दोन माणसांत एकाची चरबी कातडीखाली असते, दुसऱ्याची पोटाच्या आत, आणि चुंबकाला फक्त कातडीखालची अडते. वायू भरल्यावर भिंत ताणली जाऊन जाडी आणखी बदलते. तेव्हा शस्त्रक्रियेआधीचा आकडा अंदाजाला घ्या आणि खरा निर्णय लोड सेलवर सोडा.

मोटर आत की बाहेर, हा तुमचा दुसरा प्रश्न. आत ठेवली तर चुंबक फक्त धरायचे काम करतो आणि हालचाल मोटर करते. नियंत्रण सोपे होते. पण ६ मिमी व्यासाच्या मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, फार थोडा असतो. गिअरने वाढवला तर वेग जातो, वीज न्यायला तार लागते किंवा बॅटरी, आणि ही सगळी नाजूक सामग्री निर्जंतुक करायची असते. बाहेर ठेवली तर मोटर हवी तेवढी मोठी घेता येते. बाहेरचा व्यासाच्या दिशेने चुंबकित दंडगोल फिरतो, आतला त्याच्यामागे फिरतो, त्याला जोडलेला स्क्रू सांधा हलवतो. टॉर्क अंतराच्या तिसऱ्या घाताने घटतो, चौथ्या नाही. जाड भिंतीत धरण्याची ओढ आधी संपते, फिरवण्याचा जोर त्यामानाने टिकतो. स्क्रू उलटा न फिरणारा घेतला तर मोटर थांबली तरी सांधा जागेवर राहतो.

या जोडणीचा एक गुण मला सर्जन म्हणून फार आवडतो. आतल्या सांध्यावर भार जास्त आला की चुंबक एकमेकांना सोडून घसरतात, पिठाच्या गिरणीचा पट्टा दळण अडकल्यावर घसरतो तसे. आतड्यावर नको तेवढा जोर पडण्याआधी यंत्र स्वतः माघार घेते. पण घसरले की सांधा नेमका कोणत्या कोनात आहे हे संगणकाला कळत नाही. म्हणून आत हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर, हवाच. त्याची पातळ तार उपकरणाला बांधलेल्या दोरीतूनच बाहेर काढा. आणि दोरी ही पर्यायी गोष्ट समजू नका. चुंबकाची पकड सुटली तर उपकरण आतड्यांच्या वेटोळ्यांत हरवते. दोरी असली तर नाभीतून ओढून घेता येते.

बाहेरून चालवायच्या आराखड्यात प्रत्येक हालचालीला चुंबकांची एक जोडी लागते, आणि जोड्या एकमेकींत ढवळाढवळ करतात. धरणारा चुंबक फिरणाऱ्याला स्वतःकडे वळवू पाहतो, फिरणारा धरणाऱ्याला हिसके देतो. दोन हालचालींपर्यंत हे आवरता येते. विद्यार्थी-प्रकल्पात चार हालचालींच्या मागे लागू नका.

पोटाच्या आत भूगोलही आहे, तो इंजिनिअरांच्या चित्रात दिसत नाही. चित्रात भिंत गुळगुळीत छतासारखी असते. प्रत्यक्षात नाभीच्या वर मध्यरेषेजवळ यकृताकडे जाणारा फॅल्सिफॉर्म लिगामेंटचा पडदा छताला लोंबत असतो. डावीकडून उजवीकडे चुंबक सरकवत आणला तर तो या पडद्यात अडकतो. म्हणून पित्ताशयाच्या कामासाठी उपकरण पडद्याच्या उजव्या बाजूलाच उतरवायचे. सिझेरियन किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईंच्या खालच्या पोटात आतडे भिंतीला चिकटलेले असू शकते. तिथे डोळ्यांसमोर असल्याशिवाय चुंबक सरकवायचा नाही. पोटाच्या सरळ स्नायूंच्या मागून खालून वर जाणाऱ्या एपिगॅस्ट्रिक रक्तवाहिन्या असतात. त्यांच्यावर चुंबक टेकवून ठेवू नका. आणि आतले अस्तर ओले, निसरडे असते. टेबलावर कोरड्या रबरावर नीट बसलेले उपकरण आत गेल्यावर हाताच्या हलक्या धक्क्याने सरकते. श्वासाबरोबर भिंत हलते, तिच्याबरोबर कॅमेरा हलतो आणि पडद्यावरचे चित्र डोलते. व्हेंटिलेटरच्या लयीशी चित्र स्थिर करणारे सॉफ्टवेअर तुमच्या संगणक शाखेच्या मित्रांना सांगता येईल.

सगळ्यात गंभीर धोका दोन आतल्या चुंबकांचा. लहान मुलांनी एकाहून जास्त चुंबक गिळले तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना चिकटतात, मधली भिंत मरते आणि भोक पडते. हे आम्ही सर्जन ओळखून असतो, आणि अशा मुलाला थांबून पाहत बसत नाही. तुमच्या शस्त्रक्रियेत दोन चुंबकीय उपकरणे असतील तर हाच धोका क्षणात उभा राहतो. पहिले भिंतीला पक्के धरल्याशिवाय दुसरे आत जाता कामा नये. दोन्हींमध्ये किती अंतर राखायचे ते मोजून उपकरणावरच लिहा. काढताना उलट क्रम. रक्तस्राव झाला आणि पोट उघडायची वेळ आली, तर एकाने आतले उपकरण चिमट्याने धरायचे, मग बाहेरचा चुंबक दूर न्यायचा आणि मगच पोलादी रिट्रॅक्टर टेबलाजवळ आणायचे. हा क्रम स्क्रबच्या सिस्टरना, वॉर्डबॉयना तोंडपाठ हवा, कारण त्या घाईत कोणी कागद वाचत नाही.

ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. आमची बरीच हत्यारे आणि बऱ्याच सुया चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाच्या असतात. शिवताना सुटलेली सुई आतल्या चुंबकाला जाऊन बसू शकते. पेसमेकर चुंबकाजवळ आला की स्वतःच्या ठरलेल्या गतीने चालू लागतो आणि हृदयाकडे पाहणे थांबवतो; झटका देणारे आयसीडी असेल तर झटका देणेच बंद होऊ शकते. डोक्यातल्या पाण्यासाठी बसवलेली, बाहेरून चुंबकाने जुळवायची शंट-व्हॉल्व्ह बिघडू शकते. हे प्रश्न रुग्णालाच नव्हे, ओटीतल्या प्रत्येक माणसाला विचारायचे. पाऊण किलोचा चुंबक बोटे चिरडतो, म्हणून लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या पेटीतच ठेवायचा.

निर्जंतुकीकरणावर मात्र थांबायला हवे. वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह १२१ किंवा १३४ अंशांवर चालतो. बाजारात स्वस्तात मिळणारा साधा नियोडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे ताकद गमावू लागतो. पहिल्या फेरीत थोडी जाते, मग आणखी थोडी, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. उच्च तापमानाचा दर्जा घ्या, किंवा समेरियम-कोबाल्ट, जो उष्णता सोसतो पण त्याच आकारात ओढ कमी देतो. दुसरा मार्ग इथिलीन ऑक्साइड वायूचा. नियोडिमियम ठिसूळ असतो आणि ओलाव्याने गंजतो. वरचा निकेलचा मुलामा पोटात चालत नाही, कारण अनेकांना निकेलची ॲलर्जी असते. टायटॅनियमचे वेल्ड केलेले कवच करा. आपल्याकडे एकदाच वापरायची उपकरणेही पुन्हा वापरली जातात, हे तुम्हाला ठाऊक असेल. म्हणून प्रत्येक निर्जंतुकीकरणानंतर गॉसमीटरने क्षेत्र मोजून नोंदवायचे आणि ठरलेल्या आकड्याखाली गेले की उपकरण बाद, ही सोय पहिल्या आराखड्यातच असू द्या.

आता काय बनवावे याबद्दल माझे मत. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत एक ५ मिमीचे छिद्र वाचवण्यासाठी आपल्याकडे कोणी पैसे मोजणार नाही, आणि मोजूही नयेत. त्या छिद्राचा त्रास रुग्णाला फारसा होत नाही. व्रण कमी दिसतो हे सांगून हे तंत्र खपवू नका. त्याचा खरा उपयोग तिथे आहे जिथे सर्जन एकटा आहे. नागपुरात धंतोली-रामदासपेठेत कॅमेरा धरायला शिकलेला असिस्टंट मिळतो. तालुक्याच्या गावात दुर्बीण असते, सर्जन शिकून आलेला असतो, पण कॅमेरा वॉर्डबॉयच्या हातात असतो आणि चित्र हलत राहते. पित्तनलिकेची इजा होऊ नये म्हणून आम्ही कॅलोच्या त्रिकोणातले (पित्ताशयाची नळी, मुख्य पित्तनलिका आणि यकृत यांच्या मधल्या जागेतले) दृश्य पूर्ण स्पष्ट झाल्याशिवाय काही कापत नाही, आणि त्या दृश्याला दोन गोष्टी लागतात. स्थिर कॅमेरा आणि पित्ताशयावर योग्य दिशेने ताण. या दोन्ही गोष्टी चुंबक करू शकतो. कॅमेरा तर तो जाड भिंतीतही धरू शकतो, कारण कॅमेऱ्याला ताकद कमीच लागते. मी तुमच्या जागी असतो तर भिंतीला टेकणारा, एका हालचालीने खाली-वर पाहणारा कॅमेरा केला असता, बाहेरचा चुंबक लोड सेलच्या हातावर घेतला असता आणि बाकी सगळे सोडून दिले असते.

चाचणीला लगेच सुरुवात करता येईल. ओढ मोजायला मांस लागत नाही. चुंबकाच्या दृष्टीने शरीर जवळजवळ हवेसारखेच आहे, तेव्हा ॲक्रिलिकच्या पट्ट्या ५-५ मिमीने वाढवत १५ पासून ६० मिमीपर्यंत नेल्या की वक्र मिळतो. तो चौथ्या घाताच्या सूत्राशी ताडून पाहा. जवळच्या अंतरावर फरक किती पडतो ते कळेल. दाब आणि घसरणे तपासायला मात्र ओले अस्तर लागते. त्यासाठी खाटकाकडून पोटाच्या भिंतीचा अस्तरासकट ताजा तुकडा आणा, ओला ठेवा, खालून दाब मोजणारी फिल्म लावा आणि तासभर थांबा. जिवंत प्राण्यांवरचे काम संस्थेच्या प्राणी-नीती समितीशिवाय करू नका. माणसांवर जायचे तर मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ नुसार केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची परवानगी आणि रुग्णालयाच्या नीती समितीची मंजुरी, दोन्ही लागतात.

शेवटी एक मागणी. पित्ताशय काढल्यावर आम्ही आत टायटॅनियमच्या क्लिपा ठेवतो, आणि नातेवाईक हमखास विचारतात, "साहेब, थे चिमटे आतच राहते का? उद्या मोठ्या मशीनमंधी घातलं तं काही होईन का?" टायटॅनियमसाठी मी निर्धास्तपणे नाही म्हणतो. चुंबकाचा तुकडा राहिला तर तसे म्हणता येणार नाही, कारण एमआरआयमध्ये तो जागचा हलेल. म्हणून आतल्या प्रत्येक चुंबकावर क्रमांक कोरा, कवच फुटले तर लगेच दिसेल असा रंगाचा थर खाली द्या, आणि गॉझच्या मोजणीच्या फळ्यावर चुंबकांसाठी वेगळा रकाना असावा, असे वापरण्याच्या सूचनांत पहिल्याच पानावर लिहा. वक्र आणि दाबाचे आकडे तयार झाले की घेऊन या. शनिवारी दुपारनंतर माझी ओपीडी नसते.